शिवेवर ठेवलेल्या भाकरी

काकींचं आधी सांगते. माझी लेक आज माझ्याशी फोनवर बोलते, ती काकींमुळं. काकींना स्वतःची वेणी घालता येत नाही, पदर सावरता येत नाही, न्हाणीघरात जायचं तर माझा खांदा लागतो. आणि तरी हे काम त्यांनी केलं, तेही एका हातानं, दुपारच्या वेळी, टीव्हीसमोर बसून. त्यांचं माझ्यावर किती ऋण आहे ते मला रोज जाणवतं, पण तोंडानं सांगायला गेले की त्या म्हणतात, "गजाली पुरे, चाय ठेव." म्हणून लिहून ठेवते.

मी वाशीमकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीत तीन महिने पाच कोस लांबच्या शाळेत गेले, मग आई आजारी पडली आणि दप्तर खुंटीला गेलं, ते तिथंच राहिलं. पुढं लग्न झालं, पोरगी झाली, नवऱ्याचं घर सुटलं. आमच्याच गावची एक बाई गोव्यात दवाखान्यात कामाला होती. तिनं सांगितलं, वेंगुर्ल्याजवळ शिरोड्यात एका बाईंना अर्धांग झालंय, मुलगा बोटीवर असतो, चोवीस तास घरात राहणारी बाई पाहिजे. पोरीला आईबापाकडं ठेवलं आणि आले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आता बारा.

पहिलं वर्ष मी नुसती भीत होते. काकी पडतील का, गोळी चुकेल का, घास अडकेल का. फोन वाजला की वाटायचं, घरून वाईट बातमी असणार. वाजला नाही की जास्तच. शिरोड्याची हवा खारट, कपडे वाळायचे नाहीत, जिवाला सारखा ओलसरपणा. मासे साफ करायला मला जमायचं नाही. बांगड्याच्या पोटात सुरी घातली की डोळे मिटायचे, आणि काकी पडवीतून ओरडायच्या, "अगो, तो मेलेलो आसा, तुका खाणा नाय!" सकाळी पेज भरवायची, मग अंघोळ, मग व्यायाम, मग चादरी, मग जेवण. दोन वाजेपर्यंत माझी कंबर मोडलेली असायची. तेव्हा काकी पलंगावर, मी खाली चटईवर, दोघी छताकडं बघत पडायचो.

काकी वेंगुर्ल्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. तीस-बत्तीस वर्षं. साहेब बोलत असतानाच कागद पुरा व्हायचा, असं त्या सांगायच्या. झटक्यानं डावा हात गेला आणि डावा पाय अर्धा. सावंतवाडीहून व्यायाम शिकवायला एक बाई यायची. तिनं स्पंजचा चेंडू दिला, उजव्या हाताची ताकद टिकायला रोज शंभर वेळा दाबा म्हणाली. काकींनी तो खळ्यात, म्हणजे अंगणात, फेकला.

"चेंडू दाबून काय करू? परत टाईप करूक बसवतलंस काय माका?"

त्या बाईनं इकडंतिकडं बघितलं आणि टीव्हीखालचा काळा डबा दिसला. काकींच्या मुलाचा. सुट्टीवर आला की तो त्यावर खेळायचा आणि जाताना सांगून जायचा, पावसात कंटाळलीस तर बघ. कोणी बघितलं नव्हतं. ती बाई म्हणाली, मग हा रिमोट धरा, बोटं तरी हलतील.

तो रिमोट दोन हातांचा असतो. डाव्या अंगठ्याखाली एक बोंड, उजव्या अंगठ्याखाली एक. डावं बोंड ढकललं की खेळातलं माणूस चालतं. उजवं फिरवलं की ते मान वळवून बघतं. बाकीची बटणंही बरीचशी उजवीकडंच. काकींनी उजवं धरलं आणि डाव्या हाताकडं बघितलं. तो मांडीवर पडलेला, भिजल्या टॉवेलासारखा.

"हय बस गो," त्या मला म्हणाल्या. "एक हात तुझो, एक माझो. तू चल, मी बघतंय."

मी म्हटलं, मला कुठं येतं काकी, मला इंग्रजी वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुका चलूक येता मा? मगे झाला."

असं आम्ही पलंगाच्या कडेला खांद्याला खांदा लावून बसायला लागलो, रिमोट दोघींच्या मध्ये. पाय माझे, नजर त्यांची. मी पुढं ढकलायची आणि त्या भलतीकडं बघत असायच्या, की आमची खेळातली बाई भिंतीला धडकायची. "खंय चललंस आंधळ्यासारख्या!" "तुम्ही तिकडं बघून राहिल्या, मी काय करू!" पहिला आठवडा नुसती भांडणं. अशी भांडणं मी त्या घरात आधी केली नव्हती. पगारी बाई मालकिणीशी भांडत नाही.

आता त्या खेळातली गोष्ट. एक बाई आहे, चाळिशीची असेल. लांब कुठंतरी कामाला होती, आता घरी चाललीय. बरोबर एक खेचर. डोंगराचा मुलूख, एकामागं एक खोरी, शेवटी बर्फाची खिंड आणि खिंडीपलीकडं तिचं गाव. वाटेत वस्त्या लागतात. माणसं बोलतात, अडचणी सांगतात. थांबून मदत करायची की पुढं जायचं ते आपण ठरवायचं. मारामारी जवळजवळ नाही. संवाद इंग्रजीत खाली उमटायचे, काकी ते वाचून मला मालवणीत सांगायच्या. म्हणून त्या बर्फातली गोरी माणसं माझ्या कानात अजून मालवणीच बोलतात. एक म्हातारा दारातून म्हणतो, "खंयसून इलंस गो बाय? बस वायच." तो तसं इंग्रजीत म्हणत असेल असं मला वाटत नाही.

झटक्यानंतर काकींना कालचं आज आठवायचं नाही. चिडायच्या. मग एक जुनी वही काढून दिली. "काल काय झाला ता लिवन ठेव. माझ्या डोक्याचा काय खरा नाय." आठवीनंतर मी पहिल्यांदा पेन धरलं. 'आज दुसऱ्या खोऱ्यात गेलो. एका म्हाताऱ्याची शेळी दरीत पडली होती ती आणून दिली. म्हातारा रडला.' असं. काकी वाचायच्या आणि लाल पेनानं ऱ्हस्वदीर्घ सुधारायच्या. उजवा हात त्यांचा चांगलाच चालत होता. मी हे लिहितेय ते त्या वहीमुळं.

आता माझ्या पोरीचं.

ती बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोबाइलवर सारखी खेळ खेळत असते, असं आईनं मला सांगितलं होतं. शाळेतून आली की कोपऱ्यात बसून मोबाइल. जेवायला उठत नाही, हाक मारली की ओ देत नाही. मी इथं सातशे-आठशे किलोमीटर लांब, मला काय दिसणार? मला दिसलं ते एवढंच, की माझ्यासारखीच हिचीही शाळा सुटणार. माझी आजारानं सुटली, हिची मोबाइलनं सुटेल. भीतीनं माणूस कठोर होतं. मी आईला म्हटलं, "हिसकून घे तिच्या हातातून. कुलपात ठेव."

आईनं घेतला, ट्रंकेत टाकला, किल्ली कमरेला.

मला तेव्हा सुचलं नाही, की तो एकच मोबाइल होता त्या घरात. मी फोन करायचे तो त्यावरच. तो खेळायचा होता, तसा माझ्याशी बोलायचाही तोच होता. मी फोन केला की आई ट्रंक उघडून तो पोरीच्या कानाला लावायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

"जेवली का?"

श्वास.

"शाळेत गेली होती का?"

श्वास. मग आईचा आवाज, "पळाली. जाऊ दे."

असे दोन महिने गेले. आधी ती दर फोनला विचारायची, "कव्हा येशीन?" मला त्याचा त्रास व्हायचा, कारण उत्तर नसायचं. काकींना सोडून जाता येत नव्हतं, बदली बाई मिळत नव्हती. दिवाळीत, म्हणायचे. मग उन्हाळ्यात. आता ती विचारत नव्हती आणि त्याचा त्रास जास्त होता. मनात एकच चाललं होतं, पोरगी माझ्या हातून गेली.

पोरगी मोबाइलवर खेळते एवढं काकींना माहीत होतं, बाकीचं मी सांगितलं नव्हतं. आपलं रडगाणं कशाला. पण दुपारी खेळताना माझा अंगठा मध्येच थांबायचा आणि बाई बर्फात उभी राहायची. नुसती उभी. तिच्या तोंडातून वाफ निघायची, खेचर शेपूट हलवायचं. टीव्हीवरच्या मालिकेत असं होत नाही. तिथल्या बाया माझ्यावाचून रडतात, माझ्यावाचून हसतात, मी झोपले तरी त्यांचं चालू. ही मात्र माझ्यासाठी थांबायची. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा जरा विचित्रच वाटलं. आयुष्यात माझ्यासाठी कोण थांबलंय? बस नाही, शाळा नाही.

काकींची आवड वेगळी होती. तिसऱ्या खोऱ्यात एक बाक होता, नदीकाठी. बटण दाबलं की बाई त्यावर बसते. पुढं काही होत नाही. नदी वाहते, ऊन सरकतं. काकी रोज तिथं थांबायला लावायच्या. मी म्हणायची, "काकी, गोष्ट पुढं जाऊन नाही राहिली." त्या म्हणायच्या, "बसलंव मगे. कोण उठ म्हणता?" आणि एकदा, बाई बाकावरून उठून चालायला लागली तेव्हा, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "थयसर माझे पाय चलतत." थयसर म्हणजे तिथं. मी बोंड पुढं ढकललं आणि त्यांचे पाय चालवले. त्या दिवशी माझे स्वतःचे पाय गुडघ्यापासून ठणकत होते.

त्या बाईलाही दम लागायचा. कोपऱ्यात एक पट्टी असायची, ती दमली की कमी व्हायची, भाकरी खाल्ली की भरायची. खेळात तो पाव होता, आम्ही भाकरीच म्हणायचो. ती पट्टी मला फार आवडायची. आपल्याही कपाळावर अशी असती तर लोकांना दिसलं असतं, असं वाटायचं.

आता आमची चूक सांगते.

प्रत्येक खोऱ्याच्या तोंडाशी एक उभा दगड होता, वर सपाट. जवळ गेलं की बटणाचं चिन्ह यायचं, त्यावर वस्तू ठेवता यायची. पहिल्या दगडापाशी काकींनी मला थांबवलं.

"शीव इली. राखणदाराक कायतरी ठेव."

कोकणात जमिनीला, वाडीला, शिवेला राखणदार असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा मान असतो. वर्षाचा नारळ, कुठं जाड भाकरीचा रोट. काकींच्या माडाच्या बागेतही एका कोपऱ्यात दगड आहे आणि त्याला न विचारता बागेत कोणी खड्डासुद्धा खणत नाही. आमच्याकडंही शिवेवर मारुती असतो, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी एक भाकरी ठेवली.

"एक? ता खेचर धरून दोघांचा जाणा-येणा आसा. दोन ठेव. रिकाम्या हातान शीव ओलांडूची नसता."

दोन ठेवल्या. पुढच्या खोऱ्याला दोन. मग डोंगर उंच होत गेले, काकींना भीती वाटायला लागली, तसा मान वाढत गेला. पाचव्या शिवेवर घोंगडी ठेवली. सहाव्यावर थंडीत खायचा चरबीचा डबा. सातव्यावर उरलेल्या सगळ्या भाकऱ्या, कारण पुढं खिंड होती आणि काकी म्हणाल्या, हो राखणदार मोठो असतलो. मी वहीत लिहिलं, 'सातव्या शिवेला सगळं दिलं. आता सुखरूप जाऊ.'

खिंडीत शिरलो. पट्टी उतरायला लागली. खायला काही नाही, पांघरायला काही नाही. अर्ध्या वाटेवर बाई गुडघ्यावर आली, मग आडवी झाली, पडदा काळा झाला. आणि पुन्हा ती खिंडीच्या तोंडाशी उभी. पुन्हा गेलो. पुन्हा पडली. चार दुपारी आम्ही तिला त्या बर्फात मारलं. चौथ्या दिवशी काकींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ज्या मेल्यान ह्यो खेळ केल्यान," त्या म्हणाल्या, "तेच्या गावात राखणदार नाय दिसता."

मी म्हटलं, तुमच्या मुलाला विचारू. "तो बोटीर आसा, तेका खंयचा नेटवर्क? महिन्यान बोलतलो." मग थोड्या वेळानं, "तुझा चेडू खेळता मा मोबाइलार? तेका विचार."

चेडू म्हणजे पोरगी. मग सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, ट्रंक, किल्ली, श्वास. काकी ऐकत होत्या. मला वाटलं आता म्हणतील, होईल बरं, लहान आहे. तसलं काही म्हणाल्या नाहीत.

"तू तेका काय विचारतंस फोनार?"

"जेवली का, अभ्यास केला का."

"रोज?"

"रोज."

"असा रोज विचारलंस तर मी पण बोलणंय नाय," काकी म्हणाल्या. "आज तेका कायएक विचारू नको. आमी अडकलंव, तेवढा सांग. खरोखर अडकलंव मा आपण?"

खरोखरच अडकलो होतो.

संध्याकाळी चार-साडेचारला, ती शाळेतून आल्यावर, फोन लावला. बापूंनी ट्रंकेतून काढून उचलला. मी म्हटलं, तिच्या कानाला लावा, तिला म्हणावं बोलू नको, फक्त ऐक. काकींनी माझ्याकडून मोबाइल घेऊन मोठ्या आवाजावर करून उशीवर ठेवला.

मी सांगायला लागले. बाई, खेचर, खोरी, खिंड. वही उघडून वाचत गेले, कुठं काय झालं ते. पलीकडं श्वास. मी वाचत राहिले. पट्टीचं सांगितलं, चार वेळा पडल्याचं सांगितलं.

"कुठलोक आल्या होत्या?"

दोन महिन्यांनी तिचा आवाज. जाड झाला होता थोडा. मी काकींकडं बघितलं, त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"अर्ध्या खिंडीत."

"खाण्याचं काई नाई का मंग?"

"होतं. शिवेच्या दगडावर ठेवलं."

"किती?"

"सगळं."

"सगळं? काऊन?"

"राखणदाराले."

"कोणाले?"

आणि ती हसली. नाकातून, आधी दाबून, मग खिदळून. मागं बापू विचारत होते, काय झालं गं. ती त्यांना सांगत होती, "आबा, आईनं पूर्ण भाकरी गोट्याले देल्या!"

मग ती पोक्त बाईसारखी समजवायला लागली. "आई, असल्या गेममंदी थो दगड सामान ठेवाचा असते. ओझं झालं का ठेवाचं, मंग लागलं का परत घ्याचं. परत जा अन् उचलून आण."

काकींना राहवलं नाही. "दिलेला परत घेऊचा नसता!"

पोरीनं विचारलं, "थे कोन बोलून रायल्या?"

"काकी. मी ज्यांच्याकडं असतो त्या."

"त्याहिले सांग, गेममंदी देव नसते."

काकी उशीवरच्या मोबाइलकडं वाकल्या. "तुझ्या खेळात नसतलो गो बाय. माझ्या खेळात आसा."

मला वाटलं, बिनसलं. पण पोरगी विचार करत होती. तिला मालवणी निम्मीच कळली असेल, पण अडचण कळली. काकी भाकरी उचलणार नाहीत, हे तिनं खेळाच्या नियमासारखं धरून चाललं.

"बरं," ती म्हणाली. "मंग असं सांग, वाटेत कोणाले मदत केली का तुमी? लिहिलं अशीन पाह्य वहीत."

मी पानं उलटली. दुसरं खोरं, शेळीवाला म्हातारा.

"त्याच्या घरी परत जा."

"एवढं मागं? चार-पाच खोरी?"

"जा ना. ओळखीन थो तुले."

जायला तीन दिवस लागले. मागं फिरताना सगळे दगड पुन्हा वाटेत आले. त्यावर आमच्या भाकऱ्या तशाच होत्या, घोंगडी होती, चरबीचा डबा होता. प्रत्येक दगडापाशी चिन्ह यायचं, उचल म्हणून. काकी नजर दुसरीकडं वळवायच्या, म्हणजे मलाही दिसायचं नाही, आणि मी अंदाजानं पुढं ढकलायची. बाकाच्या खोऱ्यात मात्र बसलो. त्या तीनही दिवशी ती शाळेतून आल्यावर खेळायला बसलो, फोन उशीवर चालू होता. बापूंनी किल्ली आईकडून घेऊन टाकली होती. पोरगी विचारायची, "पोचल्या का?" आणि काकी उत्तर द्यायच्या, "पोचतलंव गो, तुझी आवस दमली हा." आवस म्हणजे आई, हे मी तिला सांगितलं.

म्हाताऱ्याचं दार वाजवलं. तो बाहेर आला, आमच्याकडं बघितलं. काकींनी खालची ओळ वाचली.

"परत इलंस? बस. आधी जेव."

पाठीवर बांधायला भाकऱ्या दिल्या, शेळीच्या लोकरीचं पांघरूण दिलं. मी पोरीला सांगितलं.

"मी सांगतलं नव्हतं?" ती म्हणाली. मग आपल्या मोबाइलवरच्या खेळाचं सांगू लागली, न विचारता. त्यात एक मोडकं गाव आहे, ती एकेक घर नीट करते, माणसं राहायला येतात. "मी दोन दिवस नाई गेली ना, तरी ते माणसं नाव घेऊन बोलतात. 'परत आलीस' म्हणतात. कोणी इसरत नाई तठी."

तिनं ते मला टोचायला म्हटलं नव्हतं, खेळ समजावून सांगत होती. मी मात्र कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेली माझी पोरगी पहिल्यांदा नीट बघितली. माझ्या आईला ती बिघडलेली दिसत होती, मला तिची शाळा सुटताना दिसत होती. ती तिथं जात होती, कारण तिथं दार वाजवलं की कोणीतरी यायचं. मी रोज दुपारी दुसरं काय करत होते?

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, मोबाइल ट्रंकेत ठेवू नको. अभ्यास झाला की तासभर दे. आई म्हणाली, "तूच काढ म्हणते, तूच दे म्हणते, तुले काय झालं?" मी म्हटलं, मीही खेळतो. तिला वाटलं असेल खाऱ्या हवेनं डोकं फिरलं.

पोरगी अभ्यासाला बसते का? कधी बसते, कधी नाही. गणितात काठावर आहे. माझी भीती गेलेली नाही, ती जायचीही नाही. खेळानं काही सगळं सुधारत नसतं, काकींचा डावा हात तसाच मांडीवर पडलेला असतो. पण आता फोन केला की ती आधी विचारते, "काकी हाय का बाजूले?" माझ्याआधी त्यांच्याशी बोलते. काकी तिला इंग्रजीचे धडे वाचायला लावतात आणि चुकली की ओरडतात. ती उलट ओरडते. मी तेवढ्यात चादरी बदलून घेते.

खिंड पार झाली. पांघरूण होतं, भाकऱ्या होत्या, पट्टी शेवटच्या टोकाला आली होती, पण बाई पडली नाही. पलीकडं उतार, खाली नदी, नदीवर लाकडी पूल, आणि पुलापलीकडं एक घर, धुराड्यातून धूर. काकींनी नजर घरावर धरली. मी बोंड पुढं ढकलणार तेवढ्यात त्यांनी रिमोटवरून आपला हात काढून माझ्या अंगठ्यावर ठेवला.

"थांब. पोचलंव काय सोपला."

"संपवायचं नाही, मग काय करायचं काकी?"

"तुझ्या चेडवाक पण बघूचा आसा मा. तिच्याशिवाय कसा पोचतलंव?"

खेळ तिथंच जपून ठेवला. आता काही महिने झाले. आम्ही दुसरी गोष्ट लावली आहे, ती एवढी बरी नाही. पोरीला सांगितलं तेव्हा तिला आधी पटलं नाही. एवढं करून पुलावर कोण थांबतं? मग म्हणाली, "बरं. मंग मी आली का खेळू." आणि पुढं म्हणाली,

"नाई तं तूच ये. कव्हा येशीन?"

किती दिवसांनी विचारलं तिनं. मला उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. बदली बाई मिळालेली नाही, तिची शाळा आहे, बापूंना इतका लांबचा प्रवास झेपत नाही. पण मी फोन धरून उभी राहिले आणि काकींच्या डोक्यावरून खिडकीतल्या माडांकडं बघत राहिले. इतकी दमले होते की रडूही आलं नाही. बरं वाटलं फक्त. पोरगी अजून वाट बघतेय.

काकी, तुम्ही हे वाचाल आणि लाल पेन काढाल, माहीत आहे मला. तुमचं देणं मी फेडणार आहे. कसं आणि कधी ते ठाऊक नाही, पण पोरीला घेऊन येईन. तिला तुमच्या आणि माझ्या मध्ये बसवीन. चालायचं बोंड तिच्या हातात देईन, बघायचं तुमच्याकडं राहील, आणि त्या पुलावरून तुम्ही दोघी मला घरी न्या. येताना शिरोड्याच्या शिवेवर थांबून तुमच्या राखणदाराला ज्वारीच्या दोन भाकरी ठेवीन, आमच्याकडच्या, माझ्या हातच्या. उचलून परत घेणार नाही.